लिमरिक फाट्यावर गाडी उलटी का यायची?

दौंडला वाढलेल्या माणसाला गाडीचं तोंड फिरण्याचं नवल वाटत नाही. मनमाडकडून पुण्याला जाणारी गाडी दौंडला आली की इंजिन सुटायचं, बाजूच्या रुळावरून संथपणे दुसऱ्या टोकाला जायचं आणि मघाचा शेवटचा डबा पहिला व्हायचा. आपण बसलेलो तिथेच, पण तोंडावर येणारा वारा आता पाठीवर यायचा. पुढे कॉर्ड लाईन झाली आणि बऱ्याच गाड्या जुन्या स्टेशनात न शिरता परस्पर जाऊ लागल्या. त्या वीस-पंचवीस मिनिटांत चहा पिणारी, इंजिनाजवळ जाऊन उभी राहणारी आमची पिढी अजून त्याबद्दल हळहळते.

म्हणूनच आयर्लंडच्या जुन्या रेल्वेप्रेमींच्या आठवणींत लिमरिक जंक्शन पुन्हा पुन्हा येतं, तेव्हा मी तिथे थबकतो. आठवण साधारण अशी असते. डब्लिनहून कॉर्ककडे निघालेली गाडी लिमरिक जंक्शनजवळ येते. उतरणारे सामान घेऊन दाराशी उभे राहतात. फलाट दिसतो, फलाटावरची माणसं दिसतात आणि गाडी शेजारच्या रुळावरून सरळ पुढे निघून जाते! नवखा प्रवासी घाबरतो. फलाट पार मागे पडल्यावर गाडी थांबते, मागे कुठेतरी सांधा बदलल्याचा खट्ट आवाज होतो आणि आख्खी गाडी, डबे पुढे आणि इंजिन मागे अशी, हळूहळू उलटी येत फलाटाला लागते. कॉर्कहून डब्लिनला जाणाऱ्या गाडीचंही तसंच. इथे थांबणाऱ्या प्रत्येक गाडीला निदान एकदा तरी मागे यावं लागायचं, आणि हे शंभराहून जास्त वर्षं चाललं.

कुणाच्या हलगर्जीपणामुळे हे झालं नव्हतं. असं करणाऱ्यांनी पूर्ण विचार करून केलं होतं. तो विचार समजून घेतला की जुन्या रेल्वेबद्दलच्या बऱ्याच गोष्टी आपोआप उलगडतात.

आधी जागा पाहू. नाव लिमरिकचं असलं तरी स्टेशन टिपरेरी परगण्यात आहे, आणि लिमरिक शहर तिथून सुमारे ३५ किलोमीटरवर. आजूबाजूला हिरवी कुरणं, गाई आणि अगदी लागून घोड्यांच्या शर्यतीचं मैदान. इथे दोन रेल्वेमार्ग एकमेकांना जवळपास काटकोनात छेदतात. एक डब्लिन-कॉर्क हा मुख्य मार्ग आणि दुसरा लिमरिक-वॉटरफर्ड. दोन्ही १८४८ साली काही आठवड्यांच्या अंतराने इथे पोचले, पण दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे म्हणून. गाव नव्हतं, बाजार नव्हता. फक्त दोन मार्गांची फुली होती, म्हणून स्टेशन. पाटीवरच्या आयरिश नावात ‘गावल’ असा शब्द आहे. त्याचा अर्थ बेचकं किंवा फाटा. म्हणजे आपल्या एसटीच्या भाषेत ‘लिमरिक फाटा’. मला हेच नाव सगळ्यात पटतं.

आता सांधा. एका रुळावरून दुसऱ्या रुळावर गाडी वळवण्याची जागा म्हणजे सांधा, आणि तो हलवणारा तो सांधेवाला. गलोलीची बेचकी डोळ्यांपुढे आणा. गाडी बेचकीच्या दांड्याकडून दोन फांद्यांकडे येत असेल, तर पुढे दोन वाटा असतात आणि कुठली घ्यायची ते सांध्याच्या टोकदार, सरकत्या रुळांवर ठरतं. ते टोक बाजूच्या रुळाला घट्ट चिकटलेलं नसेल, मध्ये बोटभर फट राहिली असेल किंवा गाडी वरून जात असताना कुणी सांधा हलवला, तर पुढची चाकं एका वाटेने आणि मागची दुसऱ्या वाटेने जातात. डबे आडवे होतात. याउलट गाडी फांदीकडून दांड्याकडे येत असेल, तर तिच्यापुढे वाट एकच. त्या काळच्या साध्या सांध्यात टोक चुकीच्या बाजूला असलं तरी चाकं त्याला ढकलून आपली जागा करून घ्यायची. पहिल्या प्रकाराला रेल्वेत फेसिंग म्हणतात, दुसऱ्याला ट्रेलिंग.

१८४० च्या दशकात सांधा कुलूपबंद करण्याची भरवशाची सोय नव्हती. सांधा नीट बसलाय का, हे तिथे उभा असलेला माणूस डोळ्यांनी बघणार आणि त्याच्यावर सगळ्यांनी विश्वास ठेवायचा. त्यामुळे शहाण्या अभियंत्यांचा दंडक असा झाला की वेगात येणाऱ्या गाडीच्या तोंडासमोर सांधा येऊच द्यायचा नाही. मग मुख्य मार्गावरून बाजूच्या फलाटाला गाडी न्यायची कशी? ती सांध्यावरून पुढे न्यायची, म्हणजे सांधा ट्रेलिंग पद्धतीने ओलांडला जातो. थांबवायची. सांधा बदलायचा. मग माणसाच्या चालीने उलटी आणायची. उलटं येताना तोच सांधा फेसिंग होतो हे खरं, पण तेव्हा गाडी रांगत असते आणि सांधेवाला बाजूला उभा असतो. काही बिघडलंच तर एखादं चाक घसरेल, माणसं मरणार नाहीत.

लिमरिक जंक्शनची मांडणी या विचाराचं सगळ्यात ठळक उदाहरण आहे. आपल्याला गैरसोय वाटते ती त्या माणसांना काळजी वाटत होती, आणि मला त्यांचा आदर वाटतो. शिवाय या मांडणीत एक सुखही होतं. कॉर्क, डब्लिन, लिमरिक, वॉटरफर्ड, सगळीकडच्या गाड्या एकाच लांबलचक फलाटाच्या आसपास येऊन लागायच्या. ट्रंक डोक्यावर घेऊन पूल चढायला नको. फलाटावरून चार पावलं चाललं की दुसरी गाडी. टपालाच्या थैल्या, पार्सलं, लेकुरवाळ्या बायका, म्हातारी माणसं, सगळ्यांना ते सोयीचं होतं.

काळ बदलला. १९६७ साली डब्लिनकडून लिमरिककडे थेट वळणारा मार्ग टाकला गेला. आमच्या दौंडच्या कॉर्ड लाईनचं हे आयरिश भावंड. तरीही कॉर्ककडे जाणारी गाडी समोरून येणाऱ्या गाड्यांचा रूळ ओलांडून त्याच जुन्या फलाटाला लागत राहिली. तिला स्वतःच्या बाजूला स्वतःचा फलाट मिळाला तो २०१९ साली. १८४८ ते २०१९. सांध्याची भीती केव्हाच संपली होती, पण रूळ एकदा अंथरले की ते उचलून दुसरीकडे टाकायला पैसा लागतो आणि धावत्या गाड्या थांबवाव्या लागतात.

ती भीती संपली कशी, याचं उत्तर आयर्लंड बेटाच्या उत्तर भागात आर्मा नावाच्या गावी आहे. ही गोष्ट सांगताना दरवेळी जड वाटतं.

१२ जून १८८९. आर्मा गावातल्या ‘संडे स्कूल’ची, म्हणजे चर्चच्या रविवारच्या शाळेची मुलं, त्यांचे आईवडील आणि शिक्षक अशी सुमारे ९४० माणसं वॉरनपॉइंटच्या समुद्रकिनारी सहलीला निघाली होती. गाडीला १५ डबे. गाव सोडल्यावर चढ लागतो, तोही चांगलाच खडा. इंजिनाला ओझं झेपलं नाही आणि माथा थोडक्यात राहिला असताना गाडी थांबली. ठरलं असं की गाडीचे दोन तुकडे करायचे. पुढचे पाच डबे घेऊन इंजिन वर जाईल, ते सोडून परत येईल आणि मग मागचे नेईल. मागच्या दहा डब्यांना आधार काय, तर गार्डाच्या डब्याचा हाताने फिरवायचा ब्रेक आणि चाकांखाली लावलेले दगड. पुढचा भाग सोडवून इंजिन निघताना किंचित मागे आलं. तेवढा धक्का पुरला. दगड चिरडले गेले आणि दहा डबे उतारावरून मागे धावू लागले. त्याच रुळावर खालून नेहमीची प्रवासी गाडी वर येत होती. सुमारे ८० जण गेले. त्यांत कितीतरी लहान मुलं.

या अपघातात एकाच वेळी दोन गोष्टी चुकीच्या होत्या, आणि दोन्ही समजायला सोप्या आहेत.

पहिली ब्रेकची. त्या गाडीला सगळ्या डब्यांत जाणारा व्हॅक्युम ब्रेक होता, पण साधा. म्हणजे चालकाने नळीतली हवा ओढली की ब्रेक लागायचा. गाडी तोडली की नळी तुटायची आणि मागच्या डब्यांना ब्रेकच उरायचा नाही. खरं तर उलटं हवं. स्प्रिंगचं दार असतं ना, हाताने धरून ठेवलं तरच उघडं राहतं आणि हात सुटला की आपोआप बंद होतं, तसं. आपोआप लागणाऱ्या ब्रेकमध्ये नळीतला व्हॅक्युम कायम धरून ठेवलेला असतो आणि त्याच्या जोरावर ब्रेक मोकळे राहतात. नळी तुटली, डबे सुटले, कुणी साखळी ओढली, की हवा आत घुसते आणि ब्रेक लागतात. आपल्याकडच्या साखळीमागे हेच तत्त्व आहे.

दुसरी चूक अंतराची. पुढची गाडी गेल्यावर ठरावीक मिनिटं थांबायचं आणि मागची सोडायची, एवढाच तिथला नियम होता. घड्याळाला काय माहीत पुढची गाडी चढावर अडकली आहे ते! सुरक्षित पद्धत वेळेवर नव्हे, जागेवर चालते. मार्गाचे टप्पे पाडायचे आणि एका टप्प्यात एका वेळी एकच गाडी. पुढच्या स्टेशनाने ‘गाडी पोचली’ असं कळवल्याशिवाय मागची सुटणार नाही.

त्याच वर्षी ब्रिटिश संसदेने कायदा केला. टप्प्यांची पद्धत, प्रवासी गाड्यांना आपोआप लागणारा ब्रेक, आणि सांधे व सिग्नल यांची एकमेकांशी जुळणी, या तिन्ही गोष्टी सक्तीच्या झाल्या. तिसरी आपल्या लिमरिक फाट्याशी जोडलेली आहे. केबिनमधल्या दांड्या एकमेकींत अशा अडकवायच्या की सांधा नीट बसून अडकल्याशिवाय सिग्नलची दांडी ओढताच येऊ नये. मग फेसिंग सांध्यावरून वेगाने जायला भीती राहिली नाही.

आर्मा गावात त्या मुलांचं स्मारक आहे. एक लहान मुलगी, हातात वाळूत खेळायची बादली आणि फावडं. रेल्वे मात्र त्या गावात आता नाही. ती १९५७ साली बंद झाली. १९२० च्या सुमारास या बेटावर साधारण ५,६०० किलोमीटर रेल्वे होती, आज त्याच्या निम्मीही नाही. त्यामुळे तिथल्या रेल्वेप्रेमींच्या आठवणींत बंद पडलेल्या मार्गांचे पूल, कुणाचं तरी घर झालेली स्टेशनं आणि शेतातून जाणारा गवताळ बांध फार येतात.

उरलेल्यांतले बरेच मार्ग एकेरी आहेत, म्हणजे जायला आणि यायला रूळ एकच. तिथे समोरासमोर टक्कर कशी टळते, हे बघायला मला फार आवडतं. आपल्याकडे छोट्या स्टेशनावर वेताची मोठी कडी हातात घेऊन उभा असलेला रेल्वेचा माणूस ज्यांनी पाहिला असेल त्यांना हे पटकन कळेल. कडीला चामड्याची पिशवी आणि पिशवीत टोकनचा गोळा. आयर्लंडमध्ये गोळ्याच्या जागी लोखंडी छडी असायची. लगतच्या दोन स्टेशनांत दोन यंत्रं, तारेने जोडलेली, आणि दोन्हींत मिळून बऱ्याच छड्या. पण दोन्ही यंत्रांतून मिळून एका वेळी एकच छडी बाहेर निघू शकते. एक निघाली की बाकी सगळ्या दोन्हीकडे कुलूपबंद. ती छडी या किंवा त्या यंत्रात परत गेल्याशिवाय दुसरी सुटत नाही. चालकाच्या हातात छडी नसेल तर त्याने पुढे जायचं नाही. असेल तर आपल्यासमोर कुणी येणार नाही याची त्याला खात्री. पुढच्या स्टेशनाशी घंटीच्या ठोक्यांनी बोलणं होतं, तिथला माणूस आपल्या बाजूने विजेचा प्रवाह देतो आणि तेव्हाच इकडे छडी वळून बाहेर येते. म्हणजे दोन माणसांच्या होकाराशिवाय ती निघतच नाही. काही आयरिश मार्गांवर ही पद्धत या शतकातही चालली. गाडी न थांबता जायची असेल तर चालक एका हाताने जुनी कडी टाकतो आणि दुसऱ्या हाताने नवी झेलतो. हे दृश्य ज्याने लहानपणी पाहिलं तो रेल्वेच्या प्रेमात पडला नाही तरच नवल.

रुळांच्या रुंदीबद्दल मात्र बोलायलाच हवं, कारण आयरिश रेल्वे वेगळी पडली ती यामुळे. आपली ब्रॉडगेज ५ फूट ६ इंच, म्हणजे १६७६ मिलिमीटर. युरोपात आणि ब्रिटनमध्ये मुख्यतः ४ फूट साडेआठ इंच, म्हणजे १४३५. आयर्लंडमध्ये दोन्ही नाही, तर ५ फूट ३ इंच, म्हणजे १६००. हा आकडा आला कुठून?

आयर्लंडमधली पहिली रेल्वे डब्लिन ते किंग्जटाउन, १८३४ साली, बोरीबंदर-ठाण्याच्या १९ वर्षं आधी. ती ब्रिटिश मापाची. १८३९ साली बेलफास्टकडून अल्स्टर रेल्वे सुरू झाली, ती सरळ ६ फूट २ इंच. या दोन शहरांच्या मधली डब्लिन-ड्रॉहेडा कंपनी म्हणाली, आम्हाला ५ फूट २ इंच हवं. म्हणजे तिन्ही मार्ग एकमेकांना येऊन भिडले असते तरी एकाचा डबा दुसऱ्यावर गेला नसता. भांडण सरकारकडे गेलं. मेजर जनरल पॅस्ली या लष्करी अभियंत्याने नामवंत रेल्वे अभियंत्यांची मतं मागवली. उत्तरं साधारण ५ फूट ते साडेपाच फूट यांच्या दरम्यान आली आणि मधला आकडा ठरला ५ फूट ३ इंच, जो तेव्हा आयर्लंडमध्ये कुणाचाच नव्हता! १८४६ च्या कायद्याने तो पक्का झाला. अल्स्टर रेल्वेला आपले रूळ आत ओढावे लागले आणि डब्लिन-किंग्जटाउनने १८५७ मध्ये आपले बाहेर सरकवले. भारतातही असंच घडलं. डलहौसीला ६ फूट हवे होते, अभियंता सिम्सने ५ फूट ६ इंच सुचवले आणि लंडनने सिम्सचं ऐकलं.

आयर्लंडचा आकडा समुद्र ओलांडून ऑस्ट्रेलियातही गेला. सिडनीच्या रेल्वे कंपनीचा अभियंता आयरिश होता. त्याच्या आग्रहाने न्यू साउथ वेल्सने ५ फूट ३ इंच स्वीकारलं आणि शेजारच्या व्हिक्टोरियाने त्याच मापाचं सामान मागवलं. मग तो अभियंता नोकरी सोडून गेला, नवा आला आणि न्यू साउथ वेल्स ब्रिटिश मापावर परतलं. व्हिक्टोरिया थांबलं नाही. त्यामुळे सिडनी-मेलबर्न प्रवासात सीमेवरच्या ऑल्बरीला गाडी बदलावी लागायची, ती १९६२ पर्यंत. मिरजेला किंवा मनमाडला मीटरगेज आणि ब्रॉडगेज यांच्यामध्ये पोती उतरवून चढवणारे हमाल ज्यांनी पाहिलेत, त्यांना ऑल्बरी समजावून सांगायला नको.

आयर्लंडला या वेगळ्या मापाची किंमत आजही मोजावी लागते. शेजारच्या ब्रिटनमध्ये जुने झालेले डबे तसेच आणून चालवता येत नाहीत, खालच्या बोगी बदलाव्या लागतात. नवं इंजिन हवं तर मुद्दाम आपल्या मापाचं बनवून घ्यायचं. १९९४ साली उत्तर अमेरिकेतून अशी ताकदवान डिझेल इंजिनं मागवली, आणि त्यांतलं पहिलं, ११२ टन वजनाचं, कॅनडाहून अंतोनोव्ह विमानाच्या पोटात घालून डब्लिनला उतरवलं! बाकीची जहाजाने आली. आयरिश रेल्वेप्रेमींना हा प्रसंग काल घडल्यासारखा आठवतो. मला त्यांचा हेवा वाटतो.

लिमरिकहून कॉर्कला जायचं असेल तर आजही लिमरिक फाट्याला गाडी बदलावी लागते. मीही तशीच बदलली. हातात वेळ होता, म्हणून दोन मार्गांची फुली जिथून नीट दिसते तिथे फलाटाच्या टोकाला जाऊन थांबलो. नागपूरचा डायमंड क्रॉसिंग आपल्याला माहीत आहे; हाही तसाच. इथे सांधा नसतो, काही हलत नाही. एक रूळ दुसऱ्याला आरपार कापून जातो आणि चाकाची कड जावी म्हणून रुळात खाच ठेवलेली असते. चाक ती खाच उडी मारल्यासारखं ओलांडतं आणि प्रत्येक वेळी ठोका पडतो.

वॉटरफर्डच्या मार्गावर दिवसाला हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच गाड्या आहेत. त्यांतली एक आली. दोन डब्यांची, म्हणजे चाकांच्या आठ जोड्या. मुख्य मार्गाचे दोन रस्ते, म्हणजे आडवे चार रूळ. आठ चोक बत्तीस. मी बत्तीस मोजायचे ठरवून कान टवकारले, पण पहिल्या डब्याची मागची चाकं आणि दुसऱ्याची पुढची एकमेकांच्या ठोक्यांत मिसळली आणि माझा हिशोब अठराच्या पुढे कुठेतरी सुटला. गाडी टिपरेरीच्या दिशेने कुरणांत दिसेनाशी झाली. समोरच्या नव्या फलाटावर कॉर्कच्या गाडीची घोषणा सुरू झाली होती, म्हणून मी पूल चढून पलीकडे गेलो.